गाउटच्या रुग्णाची घरची शुश्रूषा: पायावरच्या चादरीपासून रोजच्या गोळीपर्यंत

घणसोली गावातल्या एका ताईंनी विचारलंय. सासरे ६४ वर्षांचे, बीपी आणि मधुमेह दोन्ही आहेत. घरातल्या हळदीनंतर दुसऱ्याच रात्री त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. पहाटे तीनला ते रडत होते आणि पंख्याचा वारासुद्धा पायाला सहन होत नव्हता. डॉक्टरांनी गाउट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी, सांगितलं. रक्तातलं युरिक ॲसिड ९.४ निघालं. वर्षभरातला हा तिसरा झटका. पहिल्या झटक्यानंतर रोज घ्यायची गोळी सुरू झाली होती, पण दुखायचं थांबल्यावर ती बंद झाली. आता आत्या म्हणतात गरम शेक द्या, शेजारी म्हणतात डाळी बंद करा, आणि सासरे वरणभातावरून दूधभातावर आलेत. घरी त्यांची काळजी नेमकी कशी घ्यायची, आणि चैत्रात ते कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जायचं म्हणतायत तर जाऊ द्यावं का, असे ताईंचे दोन प्रश्न आहेत.

ताई, मी बावीस वर्षं नर्स आहे. निम्मी वर्षं मेल मेडिकल वॉर्डात काढली आणि नंतरची ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यात घरोघरी जाऊन. तुमच्या सासऱ्यांसारखे बरेच पेशंट मी पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आजची रात्र. ते वाढवून सांगत नाहीत, हे घरातल्या सगळ्यांनी मनापासून मान्य करा. गाउटच्या ठणक्यात पातळ चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. वॉर्डात आम्ही अशा पेशंटच्या पायांवर लोखंडी कमान ठेवायचो, तिला क्रेडल म्हणतात. चादर त्या कमानीवरून टाकायची, म्हणजे पायाला काहीच टेकत नाही. घरी पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कापा आणि पायांवर बोगद्यासारखा ठेवा. चादर खोक्यावरून जाऊ द्या. पोटरीखाली दोन उशा अशा लावा की टाच हवेत राहील आणि पाय छातीपेक्षा जरा वर येईल. मच्छरदाणी लावत असाल तर पायाच्या बाजूने ती गादीखाली घट्ट खोचू नका. एका घरी आजोबा रात्रभर विव्हळत होते आणि कारण एवढंच होतं की ताणलेली मच्छरदाणी अंगठ्याला घासत होती. ती सैल केल्यावर अर्ध्या तासात त्यांना झोप लागली.

शेक द्यायचा तो थंड. बर्फ किंवा फ्रीजरमधलं मटारचं पाकीट पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग काढायचं, दोनेक तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीवर नको. तुमच्या सासऱ्यांना मधुमेह आहे, म्हणून आधी एक बघा: डोळे मिटायला सांगून दोन्ही तळव्यांना कापसाने हलकेच स्पर्श करा. स्पर्श नीट कळत नसेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर असतील, तर बर्फ टाळा आणि फक्त पाय उंच ठेवा. बधिर पायाला बर्फाने इजा होते आणि ती कळतही नाही.

गरम शेकाबद्दल मी कळकळीने सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नाईट ड्युटीला हर्नियाच्या ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या रात्री एका पेशंटचा गुडघा अचानक सुजला. मला वाटलं, पडून पडून आखडला असेल. मी गरम पाण्याची पिशवी दिली. ते बिचारे 'सिस्टरने दिलीय' म्हणून तासभर धरून बसले आणि पहाटे त्यांना कूस बदलता येईना. सकाळी डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं, गाउट निघाला. ऑपरेशन, तोंडाने पाणी बंद आणि घरची रोजची गोळी ॲडमिट झाल्यापासून राहून गेलेली, एवढ्यावर झटका आला होता. तेव्हापासून मी कुठलाही पेशंट ताब्यात घेताना 'घरी रोजची कुठली गोळी चालू होती' हे दोनदा विचारते. सुजलेल्या, तापलेल्या सांध्याला आणखी उष्णता दिली की बहुतेकांचा ठणका वाढतो. मालिश, ओढून सरळ करणं, बोटं मोडणं यातलं काहीही नको. बिब्बा तर अजिबात नको. बिब्ब्याने पोळलेला मधुमेही पाय मी महिनोन् महिने ड्रेसिंग करून भरून आणलाय, त्या घरावर पुन्हा ती वेळ येऊ नये असं वाटतं.

रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती मोठी असते. एका पायावर उड्या मारत मोरीपर्यंत जाणारे पेशंट मी पाहिलेत. दोन दिवस युरिनलचं भांडं पलंगाजवळ ठेवा. संकोच वाटत असेल तर मुलाने किंवा नातवाने ते काम करावं, तुमच्यावरच टाकू नये. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती आणा. दोन-तीन दिवसांनी ठणका उतरला की पाय हळूहळू टेकवू द्या. आठवडाभर सक्तीने झोपवून ठेवायचं नाही.

आता हे होतं कशामुळे, ते थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं पटेल. आपल्या पेशी सतत झिजतात आणि नव्या बनतात. त्यातून आणि काही अन्नातून प्युरिन नावाचा पदार्थ सुटतो, त्याचं शेवटी युरिक ॲसिड होतं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश मूत्रपिंडं बाहेर टाकतात, उरलेलं आतड्यांतून जातं. रक्तात ते ६.८ च्या आसपास गेलं की विरघळून राहण्याची मर्यादा संपते. पाक जास्त घट्ट झाला आणि गार पडला की साखर जशी पुन्हा कण धरते, तसे युरिक ॲसिडच्या क्षाराचे सुईसारखे कण सांध्यात बसायला लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, सगळ्यात गार, म्हणून बहुधा सुरुवात तिथे. रात्री अंग आणखी गार होतं, पाणीही प्यायलेलं नसतं, म्हणून ठणका मध्यरात्रीनंतर जागा होतो. शरीराच्या पांढऱ्या पेशी त्या कणांवर तुटून पडतात. ती लाली, सूज, आग त्या लढाईची असते.

त्यामुळे झटका ओसरला तरी कण तिथेच असतात. औषध न घेताही झटका आठवड्या-दोन आठवड्यांत शमतो, आणि घरातल्यांना वाटतं आजार गेला. तुमच्याकडेही हेच झालं. ताई, बर्फ, उशी, खोका हे सगळं दोन दिवसांचं काम आहे. ज्या दिवसांत काहीच दुखत नाही, त्या दिवसांतली गोळी हीच गाउटची खरी शुश्रूषा आहे.

औषधांकडे येऊ. झटक्यात डॉक्टर तीनपैकी एक मार्ग घेतात, कधी दोन एकत्र. पहिला कोल्चिसिनचा. ही गोळी लवकर, शक्यतो पहिल्या दिवशीच, सुरू केली तर चांगली लागू पडते. पूर्वी 'जुलाब लागेपर्यंत तासातासाला एक' अशी ती द्यायचे, आणि काही घरांत त्या काळच्या चिठ्ठ्या अजून जपून ठेवलेल्या सापडतात. तशी चिठ्ठी असेल तर फाडून टाका. आता डोस कमी असतो आणि तेवढाच घ्यायचा, कारण जास्त झालेलं कोल्चिसिन जिवावर बेततं. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर नेहमीचा डोसही अंगावर येऊ शकतो, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात येऊरच्या जंगलात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावीची फुलं दिसतात. तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं, आणि किती असतं याचा काही भरवसा नसतो. 'झाडपाल्याचं आहे, त्रास नाही' असं म्हणून कुणी कंद उगाळून द्यायला लागलं तर हात जोडून नाही म्हणा.

दुसरा मार्ग सूज उतरवणाऱ्या पेनकिलरचा. इथे तुमच्या घरासाठी लाल दिवा आहे. बीपी आणि मधुमेह असलेल्या माणसाची मूत्रपिंडं आधीच ताणाखाली असतात. त्यात बीपीची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि वर पेनकिलर असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंड अचानक बसू शकतं. नाक्यावरच्या मेडिकलमधून 'वाताची गोळी द्या' म्हणून आणायची सवय पूर्ण मोडा. डॉक्टरांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघून दिली असेल तर जेवणानंतर द्या आणि लघवी कमी होतेय का, पायांवर सूज चढतेय का, शौचाला काळं होतंय का, याकडे लक्ष ठेवा.

तिसरा मार्ग थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडचा. नाव ऐकून घाबरू नका, मूत्रपिंडाच्या पेशंटला बऱ्याचदा हाच सुरक्षित पडतो. पण साखर वर जाते. सकाळी गोळी घेतली की उपाशीपोटीची साखर ठीक येते आणि दुपारनंतरची चढलेली असते, म्हणून त्या दिवसांत जेवणानंतर आणि संध्याकाळी ग्लुकोमीटर लावा. आकडे वहीत लिहा आणि २५० च्या वर राहायला लागले तर डॉक्टरांना फोन करा.

आता ती रोजची गोळी. बहुतेकांना ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट असते. ॲलोप्युरिनॉल १९६६ पासून वापरात आहे. ते ज्यांनी शोधलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे हे नवखं औषध नव्हे, पण घेण्याची शिस्त कडक आहे. डोस १०० मिलीग्रॅमपासून किंवा त्याहूनही खाली सुरू होतो आणि काही आठवड्यांच्या अंतराने रक्त तपासत वाढवला जातो. युरिक ॲसिड ६ च्या खाली आणायचं आणि तिथेच ठेवायचं. साठलेल्या कणांच्या गाठी अंगावर झाल्या असतील तर ५ च्या खाली. सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात, आणि इथेच लोक गोळी सोडतात. जुने साठलेले कण विरघळून हलायला लागतात, तो खवळलेपणा असतो. औषध काम करतंय म्हणून ते होतं. डॉक्टर बऱ्याचदा पहिले तीन ते सहा महिने सोबत थोडं कोल्चिसिन देतात, ते यासाठीच.

चालू असलेली रोजची गोळी झटक्यात थांबवायची नाही. सासऱ्यांची मात्र बंद आहे, तेव्हा जुन्या पाकिटातली पूर्ण ताकदीची गोळी काढून आजच देऊ नका. डॉक्टर ती कमी डोसपासून नव्याने लावतील, कधी झटक्यातच, कधी ओसरल्यावर. आणि एक खूण पक्की लक्षात ठेवा: ॲलोप्युरिनॉल सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल यातलं काही दिसलं, तर गोळी त्याच क्षणी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. हा त्रास क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो. पुरळ उठलंय हे शर्टाच्या आत दिसत नाही, म्हणून त्या दिवसांत आंघोळीनंतर पाठ-पोट बघायला सांगा.

बीपीच्या गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर ती युरिक ॲसिड वाढवते. लोसार्टन उलट थोडं कमी करते. स्वतःहून काहीही बदलू नका, पण पुढच्या भेटीत पाकीट पुढे करून विचारा. हृदयासाठीची छोटी ॲस्पिरिनही थोडं वाढवते, ती मात्र गाउटसाठी कधीच आपल्या मनाने बंद करायची नाही.

तपासणीचं एक. झटका चालू असताना केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं. 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे गाउट नाही' असं म्हणून घरी बसलेले लोक मी पाहिलेत. झटका गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करतात, तो आकडा खरा. शंका असेल तेव्हा पक्कं उत्तर सांध्यातल्या पाण्यातच मिळतं, सूक्ष्मदर्शकाखाली ते सुईसारखे कण दिसतात.

उलटही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. तुर्भ्याच्या एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ, गाउट जुना, मधुमेह. गुडघा सुजला, त्यांनी नेहमीच्या गोळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा अंगात १०२ ताप, थंडी वाजत होती, गुडघा तसूभर हलत नव्हता. सांध्यात पू झाला होता. तातडीने भरती करून तो धुवावा लागला. गाउट आणि जंतुसंसर्ग एकाच सांध्यात असू शकतात. म्हणून ताप, हुडहुडी, लाली अंगठ्यावरून पोटरीकडे चढणं, जखम असणं किंवा दोन दिवस औषध देऊनही तसूभर फरक नसणं, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका.

आता जेवण. ताई, त्यांना आधी वरण द्या. डाळी, पालक, मटार, राजमा यांतल्या प्युरिनने गाउट वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मधुमेही माणसाला दूधभातावर ठेवलं तर अंगातली ताकद जाते आणि साखर चढते, हातात काहीच येत नाही. कलेजी, भेजा, वजडी बंद. मटण क्वचित, थोडं. मासळी तुमच्या घरात सुटणार नाही हे मला माहीत आहे, मीही आगरी घरांत जेवलेली आहे. तारली, बांगडा, मांदेली, कोळंबी, तिसऱ्या यांवर हात आवरा आणि सुकटीवर सगळ्यात जास्त. सुकवल्यावर पाणी जातं आणि बाकीचं सगळं दाटतं. झटक्याच्या दिवसांत मासळी नको, एरवी एखादी तुकडी चालेल. ताक रोज द्या.

दारूत बीअर सगळ्यात वाईट, मग बाकीची, आणि ताडीही दारूच. बाटलीबंद गोड थंड पेयं आणि पॅकबंद ज्यूस दारूइतकेच आडवे येतात हे लोकांना खरंच वाटत नाही. त्यांतली फळसाखर युरिक ॲसिड वाढवते. आमच्याकडे गटारीच्या आठवड्यात फोन वाढतात, आणि श्रावणात पुन्हा वाढतात. दुसऱ्या वेळेला कारण उपास असतं. निर्जळी किंवा दिवसभर पाण्याविना राहिल्यानेही झटका येतो, आणि भराभर वजन उतरवल्यानेही. वजन कमी करायचं ते सावकाश. पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर, पण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. पथ्य कितीही काटेकोर पाळलं तरी युरिक ॲसिड साधारण एखाद्या अंकाने उतरतं. ९.४ वरून ६ च्या खाली यायचं तर गोळी लागणारच. म्हणून 'तुम्ही हळदीत प्यायलात म्हणून झालं' असं त्यांना रोज ऐकवू नका. मूत्रपिंडाची ठेवण, घराण्याचा वारसा, बीपीची औषधं यांचा वाटा मोठा असतो. ज्याला सतत दोष दिला जातो तो पुढचा झटका लपवतो आणि औषधाला उशीर होतो.

कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांच्या सांध्यांवर टणक पांढरट गाठ दिसतेय का, महिन्यातून एकदा बघा. त्यातून खडूच्या चिखलासारखं काही आलं तर तो पू समजून दाबू नका, सुईने फोडू नका. सलाइनने हलकेच धुऊन न चिकटणारी जाळी ठेवा, वर सैल पट्टी बांधा आणि दाखवायला न्या. मधुमेहात अशी जखम हट्टी होते. युरिक ॲसिड ५ च्या खाली राहिलं की या गाठी महिन्या-वर्षांत विरघळत जातात. बोटाची अंगठी पुन्हा घालता आली म्हणून पेढे घेऊन आलेले काका मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

एक वही करा. झटक्याची तारीख, सांधा, आदल्या दोन दिवसांतलं खाणंपिणं, शून्य ते दहात दुखणं किती, कुठली गोळी कधी घेतली, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, साखर. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना तीन मिनिटं असतात. वही पुढे केली की ती तीनही मिनिटं उपयोगी पडतात.

एकवीरेचं. झटका जाऊन दोन-तीन आठवडे निवांत गेले असतील, पाय पूर्ण टेकत असेल तर जाऊ द्या. पायी पालखीबरोबर यंदा नको, गाडीने पायथ्याशी जा. नवी चप्पल घालून जाऊ देऊ नका, पुढे मोकळा असलेला जुना बूट आणि सुती मोजे घाला. चैत्रात कार्ल्याचं ऊन चढायच्या आत पायऱ्या सुरू करा, प्रत्येक टप्प्यावर बसून पाणी प्यायला लावा, दर्शनाआधी निर्जळी उपास नको म्हणून आदल्या रात्रीच सांगा. डॉक्टरांना विचारून झटक्याच्या गोळ्यांचा पहिला डोस आणि सकाळची रोजची गोळी एका छोट्या डबीत भरा, आणि ती डबी पिशवीत न टाकता त्यांच्याच खिशात द्या.